प्रबंध नगरच्या वेशीवर

लखनौ शहराची गर्दी मागे टाकून सीतापूरच्या वाटेला लागले, की 'प्रबंध नगर' हे नाव कानी येऊ लागते. मराठी माणसाला क्षणभर असे वाटावे, की येथे विद्यापीठासाठी प्रबंध लिहिणाऱ्या पंडितांची वसाहत असावी. परंतु हिंदीतील 'प्रबंध' म्हणजे आपले 'व्यवस्थापन'. दोन भगिनी भाषांत एकच शब्द असा निरनिराळ्या पोशाखांत वावरू लागला, की अनुवादकाची तारांबळ उडते. ते असो. या नगरात भारतीय प्रबंध संस्थान, म्हणजेच आपल्याकडे आय.आय.एम. या अक्षरांनी ओळखली जाणारी संस्था आहे. कलकत्ता व अहमदाबाद येथे १९६१ साली आणि बंगलोर येथे १९७३ साली अशा संस्था निघाल्या. त्यांच्या पाठोपाठ १९८४ साली लखनौची ही चौथी संस्था स्थापन झाली.

देशातील बुद्धिमान तरुण-तरुणी येथे येण्यासाठी धडपडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. येथे विचार करावयाचा आहे तो निराळ्या माणसाचा. बारावीनंतर काही कारणाने ज्याचे शिक्षण सुटले, पुढे पंधरा-वीस वर्षे ज्याने दुकान, कारखाना अगर व्यापार सांभाळला आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर ज्याला असे वाटू लागले, की आपण जे अंदाजाने करीत आलो ते आता शास्त्र म्हणून शिकावे, अशा माणसाला या वेशीतून आत जाता येईल काय?

अशा एका भगिनीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. समजा, सोलापूरकडची मुलगी बारावी होऊन लग्नानंतर लखनौस आली. पती रेल्वेच्या नोकरीत. मुले शाळेत जाऊ लागल्यावर तिने चिकनकामाचा छोटासा व्यवसाय सुरू केला. लखनौच्या चिकनकामाला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे बहुतेकांच्या वाचनात आले असेल. परंतु दुकानात लटकणाऱ्या त्या पांढऱ्याशुभ्र कुडत्यामागे केवढी यातायात असते, याची कल्पना थोड्यांनाच असते. कापड आणावयाचे, ते बेतून घ्यावयाचे, छपाईवाल्याकडून लाकडी ठशांनी त्यावर निळीची नक्षी उमटवून घ्यावयाची, मग ते भरतकाम करणाऱ्या बायकांकडे आसपासच्या खेड्यांत पोचवावयाचे. टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाली असे टाक्यांचे नाना प्रकार. एकीचा हात जालीत बसलेला, तर दुसरीचा मुर्रीत. काम पुरे झाले, की कापड धोब्याकडे जाते, नीळ धुऊन निघते आणि मगच खरे काम दिसू लागते. एखादे कापड घरी परत येईपर्यंत कित्येक महिने लोटतात. तोवर भांडवल अडकलेले असते, मजुरी मात्र वेळेवर द्यावी लागते आणि चौकातला व्यापारी उधारीवर माल मागतो. सणासुदीच्या खपाचा अंदाज चुकला, तर वर्षाची मिळकत कपाटात पडून राहते.

ज्या स्त्रीने हा सारा पसारा दहा-पंधरा वर्षे तोट्यात न जाऊ देता चालविला, तिला खेळते भांडवल म्हणजे काय, साठा किती ठेवावा, कोणत्या कामाची दर्जातपासणी कोठे करावी, हे कोणी निराळे शिकवावयास हवे असे नाही. तिला या गोष्टींची नावे ठाऊक नसतील. परंतु बँकेच्या अधिकाऱ्यासमोर बसल्यावर, परदेशी खरेदीदाराचे पत्र आल्यावर, अगर व्यवसाय दुपटीने वाढविण्याचा विचार मनात आल्यावर नेमकी ही नावे आणि त्यांमागचे शास्त्र अडून राहते. शिकण्याची तिची इच्छा म्हणूनच केवळ हौस ठरत नाही.

आणि वेशीवर तिला पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की पदवी आहे काय?

नियम असा आहे. या संस्थांच्या प्रमुख अभ्यासक्रमासाठी 'कॅट' नावाची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आणि त्या परीक्षेस बसण्यासाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी किमान पन्नास टक्के गुणांसह असावी लागते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग उमेदवारांसाठी ही मर्यादा पंचेचाळीस टक्के आहे. वयाची अट मात्र मुळीच नाही. बाविसाव्या वर्षी अर्ज करावा किंवा बावन्नाव्या, कोणी हटकणार नाही. याचा अर्थ असा, की आपल्या या भगिनीला अडविते ते वय नव्हे, अनुभवाची उणीव तर नव्हेच. अडवितो तो तीन वर्षांच्या शिक्षणाचा एक कागद.

यातली गंमत पुढेच आहे. ज्या संस्था उमेदवाराकडे पदवी मागत आल्या, त्यांना स्वतःला अनेक दशके पदवी देता येत नव्हती! त्या विद्यापीठे नसल्यामुळे त्यांचे विद्यार्थी दोन वर्षांच्या कष्टानंतर 'पदव्युत्तर पदविका' घेऊन बाहेर पडत. संसदेने २०१७ साली संमत केलेला कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून अमलात आला, तेव्हा कोठे या संस्थांना एम.बी.ए.ची पदवी देण्याचा अधिकार प्राप्त झाला. मधल्या काळात त्यांच्या पदविकेला पदवीहून अधिक मान होता, नोकऱ्याही अधिक चांगल्या मिळत. कागदावरील नावापेक्षा त्यामागील गुणवत्ता मोठी, याचा याहून मोठा दाखला दुसरा कोणता द्यावा? तरी आत येणाऱ्याचा कागद मात्र तपासला जातोच.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. १८९० च्या सुमारास सुरू झालेला डबेवाल्यांचा व्यवसाय आज जगभर अभ्यासाचा विषय झाला आहे. हार्वर्डच्या व्यवसाय विद्यालयाने २०१० साली त्यांच्या पद्धतीवर अभ्यासप्रकरण प्रसिद्ध केले. देशातील व्यवस्थापन संस्थांनी डबेवाल्यांच्या प्रतिनिधींना व्याख्यानासाठी पाचारण केले. मावळातून आलेली, बहुधा शाळा अर्ध्यावर सोडलेली ही माणसे. त्यांच्या कार्यपद्धतीचे धडे वर्गात शिकविले जातात. त्यांपैकी एखाद्याने त्याच वर्गात विद्यार्थी म्हणून बसावयाचे म्हटले, तर अर्जाच्या पहिल्याच पानावर त्याची वाट खुंटेल.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव येथे कोणाही मराठी वाचकाला आठवेल. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकावयास गेले; रंगांधळेपणामुळे रंगांचा नाद सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले; पदवी अशी त्यांच्यापाशी नव्हती. त्यांनी १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली. पण हेही ध्यानात घ्यावे, की त्याच लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील एम.आय.टी. या विख्यात संस्थेतून अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९२६ साली परतले. पदवीवाचून कारखाना काढणाऱ्या पित्यालाही पुढच्या पिढीसाठी पदवी अनावश्यक वाटली नाही. पदवीविरहित थोरांची नावे सांगून शिक्षणाची टवाळी करणारे लोक ही दुसरी बाजू सोयीस्करपणे विसरतात.

पदवी आणि परीक्षा यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी लखनौइतके योग्य शहर नाही. येथेच १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज तेच भातखंड्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. त्यापूर्वी संगीतविद्या घराण्यांच्या बंद दारांआड होती. उस्तादाची मर्जी बसली तर चीज मिळावयाची, नाही तर वर्षानुवर्षे नुसती सेवा. वकिली शिकलेल्या या मराठी गृहस्थांनी चिजा मिळविण्यासाठी देशभर किती पायपीट केली, हे संगीताच्या इतिहासात नमूद आहे. त्यांनी अभ्यासक्रम आखले, क्रमिक पुस्तके लिहिली, आणि लखनौच्या महाविद्यालयात इयत्ता आणि परीक्षा आल्या. 'प्रमाणपत्राने गवई होतो काय?' असा प्रश्न तेव्हापासून विचारला गेला आणि तो चूकही नव्हता. परंतु ज्याचा बाप अगर चुलता गवई नाही, अशा मुलाला आणि विशेषतः घरंदाज मुलींना संगीताच्या दारात पाऊल टाकता आले, ते या इयत्तांमुळेच. प्रमाणपत्र कधी दार बंद करते, कधी उघडते. चिकनचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या भगिनीला कोणाची ओळख नाही, कोणा उद्योगपतीच्या घरात तिचा जन्म नाही. अशा माणसालाच पदवीचा उपयोग सर्वांत अधिक होतो.

म्हणून पदवी मिळवावी कशी, हा खरा व्यवहाराचा प्रश्न आहे.

नोकरी अगर संसार सांभाळून शिकण्याची सोय आपल्या देशात एका दिवसात झाली नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादेस निघाले. त्यानंतर १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ अस्तित्वात आले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद महाराष्ट्रात घरोघरी पोचले आहे. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले हे पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले, ही गोष्ट मराठी वाचकांना अभिमानाची वाटावी. राष्ट्रीय विद्यापीठाचे विभागीय केंद्र लखनौत आहे. शिवाय १९९९ साली स्थापन झालेले उत्तर प्रदेशाचे राजर्षी टंडन मुक्त विद्यापीठ प्रयागराजला आहे. बारावी झालेल्या व्यक्तीस या विद्यापीठांतून तीन वर्षांत बी.ए. अगर बी.कॉम. होता येते, तीन वर्षांत न जमल्यास अधिक मुदत मिळते. व्यवस्थापन शिकावयाचे असेल, तर बी.कॉम. बरे; परंतु साहित्य किंवा इतिहास घेऊन बी.ए. केल्याने प्रवेश परीक्षेचे दार बंद होत नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. वर उल्लेखिलेली टक्क्यांची अट मात्र विसरू नये. 'उत्तीर्ण झालो म्हणजे झाले' असे म्हणणाऱ्याचे अठ्ठेचाळीस टक्के पुढे त्याच्या वाटेत धोंड होऊन बसतात.

ज्यांची बारावीदेखील राहून गेली, त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. १९८९ साली 'राष्ट्रीय मुक्त विद्यालय' म्हणून ती सुरू झाली आणि २००२ पासून आजच्या नावाने ओळखली जाते. तेथे वयाची वरची मर्यादा नाही. परीक्षा वर्षातून दोनदा होते. सगळे विषय एकाच बैठकीत देण्याचे बंधन नाही. काही मुक्त विद्यापीठांनी बारावी नसलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारीचे अभ्यासक्रम चालवून त्यावरून थेट पदवीस प्रवेश दिला. ही वाट जवळची दिसते. तथापि तीविषयीचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचल्यावाचून तिच्यावर विसंबू नये. आमच्या मते बारावीची परीक्षा रीतसर देणे हाच निर्धास्त मार्ग होय.

आणखी एक वाट आहे. सनदी लेखापाल, परिव्यय लेखापाल किंवा कंपनी सचिव या व्यावसायिक परीक्षा अपेक्षित टक्केवारीने उत्तीर्ण झालेल्यांनाही कॅटसाठी पात्र मानले जाते. बारावीनंतर या परीक्षांच्या मार्गाला लागता येते. मात्र या परीक्षा किती कठीण असतात, हे ज्यांच्या घरात कोणी सी.ए. होत आहे त्यांना निराळे सांगावयास नको.

आता सर्वांत महत्त्वाच्या सावधगिरीविषयी. एकेकाळी काही विद्यापीठांच्या मुक्त शिक्षणात पहिली पदवी नसताना एकदम एम.ए.ला प्रवेश मिळे. अनेक नोकरदारांनी तो घेतला. तामिळनाडूतील एका शासकीय चित्रपट संस्थेच्या प्राचार्यपदावरून अशा पदवीचा वाद निघाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००९ साली न्यायालयाने निर्णय दिला, की पहिल्या पदवीवाचून मिळविलेली अशी पदव्युत्तर पदवी ग्राह्य धरता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे १९८५ चे नियम मुक्त विद्यापीठांनाही बंधनकारक होते, असे त्या निर्णयाने ठरले. पहिली पायरी गाळून दुसऱ्या पायरीवर चढलेल्यांची सारी चढण एका निकालाने व्यर्थ ठरली. परीक्षा दिल्या होत्या, अभ्यास केला होता, शुल्क भरले होते. फसवणूक करण्याचा हेतूही बहुतेकांचा नव्हता. आजदेखील 'पदवीची गरज नाही, अनुभवावर थेट एम.बी.ए.' किंवा 'एका वर्षात पदवी' अशा जाहिराती दृष्टीस पडतात. अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो आणि तीत उत्तर प्रदेशातील नावे वारंवार आढळली आहेत. शुल्काची पहिली रक्कम भरण्यापूर्वी ती यादी पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.

इंग्लंडात स्थिती निराळी आहे. तेथे १९६९ साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने पूर्वशिक्षणाची अट न घालता पदवी अभ्यासक्रमाचे दार उघडले, आणि तेथील कित्येक व्यवसाय विद्यालये पदवी नसलेल्या परंतु जबाबदारीच्या जागी काम केलेल्या प्रौढांना मुलाखत घेऊन एम.बी.ए.ला प्रवेश देतात. असा अर्जदार स्वतःच्या कामाचा तपशील लिहितो, मालकाची शिफारस जोडतो आणि प्रसंगी एखादी पात्रता परीक्षा देतो. आपल्याकडेही २०२३ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने अनुभवातून आलेल्या ज्ञानाला श्रेयांक देण्याचे तत्त्व मान्य केले आहे. त्याने पदवीची अट अद्याप सैल झालेली नाही. परदेशातून अशी पदवी आणलीच, तरी येथे शासकीय नोकरीसाठी तिची समकक्षता सिद्ध करण्याचा प्रश्न उरतोच.

पदवी हाती आल्यावर पुढे काय? येथे एक अडचण अशी आहे, की तिच्याविषयी फार थोडे लोक आधी विचार करतात. अनुभवी अधिकाऱ्यांसाठी या संस्थांचे निराळे अभ्यासक्रम असतात. लखनौच्या संस्थेचा एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम त्यांपैकीच. नाव ऐकून वाटते, की हा आपल्यासारख्यांसाठीच निघाला आहे. परंतु तेथे मागितलेला किमान पाच वर्षांचा अनुभव पदवीनंतरचा असावा लागतो. आपली चिकनवाली भगिनी अडतिसाव्या वर्षी बी.कॉम.ला बसली, एकेचाळिसाव्या वर्षी पदवीधर झाली, तर तिची आधीची पंधरा वर्षे या हिशेबात शून्य, आणि शेहेचाळीस वर्षांची होईपर्यंत तिने थांबावयाचे. पंचविशीतील तरुणासाठी केलेला नियम प्रौढाला लावला, की असा विपर्यास होतो. खेड्याखेड्यांत काम पोचवून वेळेवर परत आणणाऱ्या बाईचा अनुभव पदवीच्या तारखेपूर्वी अनुभव नसतो आणि तारखेनंतर होतो, हे तर्काला पटणारे नाही. नियमकर्त्यांनी याचा पुनर्विचार करावा असे आम्हांस स्पष्टपणे वाटते. मात्र नियम बदलेपर्यंत शहाणपण यात आहे, की पदवीचा अर्ज पुढच्या वर्षावर टाकू नये. प्रत्येक वर्षाची दिरंगाई दुसऱ्या टोकाला एक वर्ष वाढविते.

दोन वर्षांच्या प्रमुख अभ्यासक्रमाला अनुभवाची अट नाही. परंतु तेथे अडीच लाखांहून अधिक परीक्षार्थींशी स्पर्धा आहे. भाषाकौशल्य, माहितीचा अर्थ लावणे व तर्क, आणि गणित असे तीन भाग. प्रत्येकाला चाळीस मिनिटे. नुकत्याच अभियंता झालेल्या मुलाचा हात गणितात जसा चालतो, तसा वीस वर्षांनी पुस्तक उघडणाऱ्याचा चालत नाही. भाषेत मात्र प्रौढ मागे पडतोच असे नाही. निवडीच्या वेळी बारावीच्या आणि पदवीच्या गुणांनाही भार असतो, म्हणजे सतराव्या वर्षी आजारपणात दिलेली परीक्षा चाळिसाव्या वर्षीही पाठ सोडत नाही. त्यातून निवड झालीच, तर दोन वर्षे वसतिगृहात राहावयाचे आणि वीस लाख रुपयांच्या घरातले शुल्क भरावयाचे. ज्या घरात मुलांच्या शाळा चालू आहेत आणि सासू-सासरे वृद्ध आहेत, तेथे हा निर्णय एकट्याचा राहत नाही. मुक्त विद्यापीठाचे एम.बी.ए. घरी राहून करता येते, खर्चही लाखाच्या आत असतो. त्याने मोठ्या कंपनीतील नोकरी चालून येणार नाही. पण स्वतःचाच व्यवसाय वाढवावयाचा असेल, तर नोकरीचा प्रश्न येतोच कोठे?

आणि केवळ ज्ञानच हवे असेल, तर पदवीचे वर्ष उजाडेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या 'स्वयम्' या व्यवस्थेवर व्यवस्थापनाचे अनेक पाठ्यक्रम विनामूल्य आहेत. बंगलोरची व्यवस्थापन संस्था त्यांचे संयोजन करते. जमाखर्च, विक्री, मनुष्यबळ यांवरील पाठ ऐकावयास कोणी पदवी विचारीत नाही. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचे अल्प शुल्क भरावे लागते. बी.कॉम.च्या अभ्यासाबरोबर असा एखादा पाठ्यक्रम ऐकला, तर एकाचा दुसऱ्याला उपयोगच होतो.

तेव्हा आपल्या भगिनीने प्रथम कपाटातून बारावीची गुणपत्रिका काढावी. ती हरवली असेल, तर ज्या मंडळाची परीक्षा दिली त्याच्याकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करावा. या कामाला दिवस लागतात. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर त्याचा पुरावा त्याच वेळी तयार ठेवावा, कारण जुन्या गुणपत्रिकेवरील माहेरचे नाव आणि आजच्या ओळखपत्रावरील नाव यांचा मेळ न बसल्याने कित्येक स्त्रियांचे अर्ज अडून पडतात. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै या सत्रांसाठी होतात. चिकनच्या धंद्याला उन्हाळ्यात उसंत नसते. तिला जानेवारीचे सत्र सोयीचे पडेल.